विरुद्ध बाजूने कुंदा

धुळे, ११ जून १९८१

चि. सौ. कुंदास नानाचे अनेक आशीर्वाद.

काकूने तुझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्या वाळवून डबा भरून ठेवला आहे. जळगावला जाणारं कोणी भेटलं की धाडतो. तोवर डबा तिने वरच्या फळीवर ठेवला आहे, कारण माझ्यावर तिचा काडीचा विश्वास नाही.

आता मुख्य बातमी. तू टेलिफोन एक्स्चेंजात बसतेस, तेव्हा जगातल्या भानगडी आमच्याआधी तुझ्या कानावरून जात असतील. रविवारी संध्याकाळी इस्रायलच्या विमानांनी बगदादजवळची इराकची अणुभट्टी उडवली. सुरू व्हायच्या आतच! वाचनालयात पेपर आला तेव्हा माझ्या हातून तो कोणी घेऊ शकलं नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण काल मला पुन्हा दहावीच्या वर्गावर उभं राहिल्यासारखं वाटलं. मी सगळ्यांना सांगितलं, १९३६ साली जर्मनीचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये घुसलं तेव्हाच फ्रान्सने हातपाय हलवले असते, तर पुढचं महायुद्ध टळलं असतं. कोट्यवधी माणसं वाचली असती. तेव्हा सगळे म्हणत राहिले, थांबा, पाहू. यांनी थांबायचं नाकारलं. आपल्या शेजारीही बॉम्बची तयारी चालल्याचं रोज छापून येतं. आपण कशाची वाट पाहतोय?

हेच सगळं लिहून इथल्या दैनिकाकडे पाठवलं आहे. छापतील असं दिसतं.

गिरधरराव मोसुलला आहेत, ते घटनास्थळापासून पुष्कळ उत्तरेला. मी नकाशात पाहून खात्री करून घेतली. त्यांच्या पत्रात तिथले लोक काय म्हणतात ते आलं असेल तर मला सविस्तर कळव. प्रत्यक्ष त्या देशात आपला जावई असणं ही इतिहासाच्या मास्तराला पर्वणीच.

विहीणबाईंना नमस्कार.

तुझा
नाना

*

जळगाव, १६ जून १९८१

तीर्थरूप नाना आणि काकू यांना कुंदाचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून तुम्ही वाचनालयात कसे उभे असाल ते डोळ्यांपुढे आलं. एक हात कमरेवर, दुसऱ्यात गुंडाळलेला पेपर. काकू, रक्तदाबाची गोळी ते खरंच घेतात, की नुसतं पाणी पितात?

माझी ड्यूटी या आठवड्यात दुपारची आहे. लग्नसराई संपली तरी ट्रंक कॉल कमी होत नाहीत. डाळीच्या व्यापाऱ्यांना इंदूर हवं असतं आणि सोनारांना मुंबई. हेडफोनने कान दुखतात, बाकी ठीक.

ह्यांचं पत्र अलीकडे आलेलं नाही. इराणशी लढाई चालू असल्यापासून तिकडचं टपाल उशिराच येतं. सासूबाई रोज पोस्टमनला दारातच विचारतात, "चिठ्ठी उनी का रे?" तो बिचारा आता आमच्या दारावरून जरा लगबगीनेच जातो.

नाना, एक मागणं आहे. तुमचं पत्र छापून आलं असेल तर असू दे, पण त्या विषयावर आणखी काही लिहू नका. का, ते विचारू नका. एवढं माझं ऐका.

तुमची
कुंदा

*

धुळे, २१ जून १९८१

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

तुझी अडचण माझ्या ध्यानात आली. तू सरकारी खात्यात, आणि काकाचं नाव पेपरात. साहेब काही बोलले असतील. त्यांना सांग, भाईदास देवरे कोणत्याही पक्षाचा नाही, आणि आपल्या पुतणीलाही त्याने कधी कोणाचं ऐकायला शिकवलेलं नाही.

पत्र छापून आलं! कात्रण सोबत आहे. बाजारात चार जणांनी थांबवून अभिनंदन केलं. त्यातून एक गंमत उपजली आहे. वाचनालयाने २ ऑगस्टला, रविवारी, जाहीर वादविवाद ठेवला आहे. विषय असा : 'शेजारी राष्ट्र अण्वस्त्र बनवत असेल, तर त्या भीतीपोटी आधीच हल्ला करणे समर्थनीय आहे.' अध्यक्ष तोतारामवकील. अनुकूल बाजूने मी. प्रतिकूल बाजूला अजून कोणी धड मिळालेलं नाही.

म्हणून तुझी आठवण झाली. शाळेत असताना मी एक बाजू मांडली की तू हटकून दुसरी घ्यायचीस आणि काकू पोळ्या लाटता लाटता निकाल द्यायची. मला तसाच सराव हवा आहे. विरुद्ध बाजूचे मुद्दे लिहून पाठव. भीडभाड ठेवू नको. मला जिथे दुखेल तिथेच मार.

डबा गेल्या शनिवारी शेजारच्या नथ्थूबरोबर धाडला. पोचला ना?

तुझा
नाना

*

जळगाव, २७ जून १९८१

तीर्थरूप नानांस कुंदाचा नमस्कार.

डबा पोचला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे विरुद्ध बाजू लिहायला बसले.

अध्यक्ष महाराज, माननीय परीक्षक आणि श्रोतेहो, मी या विषयाच्या विरोधात...

याच्यापुढे हात चालला नाही, नाना. दोनदा कागद फाडला. तेव्हा जे खरं आहे तेच लिहिते.

हे मोसुलला नाहीत. फेब्रुवारीपासून नाहीत. तिथलं काम आटोपल्यावर कंपनीने त्यांची आणि बरोबर गेलेल्या नशिराबादच्या युसूफची बदली बगदादजवळ केली. शहराच्या दक्षिणेला, नदीच्या वळणाकडे, मजुरांची वसाहत आहे. मेमधल्या पत्रात ह्यांनी लिहिलं होतं, 'आमच्या खोलीच्या खिडकीतून एक मोठा घुमट दिसतो, ऊन पडलं की चमकतो. जवळ जायला बंदी आहे. लोक म्हणतात, तिथे वीज तयार होणार.' तो कसला घुमट, ते मला तुमच्याच पत्रातून कळलं.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचा रक्तदाब. सासूबाईंना सांगितलं नाही, कारण त्यांना मोसुल आणि बगदाद सारखंच, दोन्ही लांब. ह्यांनीच लिहिलं होतं, 'कोणाला बोलू नको, उगाच घोर लावून घेतील.' मग तो घोर मी एकटीनेच लावून घेतला.

सात तारखेपासून पत्र नाही, तार नाही. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत मी रोज फोन करते. ते म्हणतात, आमची सगळी माणसं सुखरूप असल्याचं समजतं. मी विचारते, नावानिशी सांगा. ते म्हणतात, नावं अजून आलेली नाहीत. युसूफची आई जरीनाखाला नशिराबादहून एक दिवसाआड बसने येते आणि एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर बसून राहते. मी बाहेर आले की नुसती माझ्या तोंडाकडे बघते. विचारायचं धाडस तिला होत नाही. सांगायचं मला होत नाही.

दिवसभर मी दुसऱ्यांच्या लायनी जोडून देते, नाना. 'बोला, मुंबई बोला.' आणि माझा स्वतःचा माणूस आहे की नाही, हे मला कोणी सांगू शकत नाही.

तुमचं कात्रण मी तीनदा वाचलं. मुद्देसूद आहे. तुमच्यावर मी रागावलेली नाही. बाबा गेल्यावर तुम्ही मला पोटच्या पोरीसारखं वाढवलंत, तुमच्यावर कशी रागावू? पण त्यात एक वाक्य आहे, 'अशा प्रसंगी थोडी हानी अपरिहार्य असते.' ते वाचलं आणि पुढचं दिसेना. त्या थोड्यात कोण येतं, ते मला माहीत करून घ्यायचं आहे.

कुंदा

*

धुळे, ३० जून

चि. कुंदा, मी काकू लिहिते आहे.

तुझं पत्र दुपारी आलं. ह्यांनी ते वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मग चष्मा काढून ओट्यावर बसले. जेवायला वाढलं तर म्हणाले, तू जेव. संध्याकाळी वाचनालयाचा माणूस हँडबिलाचा मजकूर घेऊन आला, त्याला दारातूनच परत पाठवलं. मग उठून म्हणाले, माझी पिशवी भर.

सकाळच्या गाडीने ते तुझ्याकडे निघत आहेत. हे पत्र पोचायच्या आधी तेच पोचतील बहुतेक. तरी लिहिते, कारण ते स्वतः तोंडाने काही सांगायचे नाहीत. त्यांना बोलू देऊ नको फार. आणि तू रडायची राहिली असशील तर रडून घे, त्यांच्यापुढे चालेल. गोळ्या पिशवीत बाजूच्या कप्प्यात आहेत. पोरी, बठ्ठं बरं व्हई, सगळं बरं होईल.

काकू

*

जळगाव, १४ जुलै १९८१

तीर्थरूप नाना आणि काकूंना साष्टांग नमस्कार.

नाना, तुम्ही काल गेलात आणि आज बातमी आली. तार केलीच आहे. ती मिळाली असेल, पण तारेत सगळं मावत नाही म्हणून लगेच लिहायला बसले.

हे जिवंत आहेत! युसूफही.

सकाळी मी ड्यूटीवर निघत होते, तोच युसूफचे वडील हनीफभाई सायकलवरून आले. गाद्या भरता भरता तसेच उठून आले होते, डोक्यावर, मिशांवर कापूस. काही न बोलता त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. भुसावळचा एक माणूस इराकहून सुटीवर आला, त्याच्याबरोबर दोघांनी आवाज भरून पाठवला होता. पाठोपाठ जरीनाखाला टेपरेकॉर्डर छातीशी धरून रिक्षातून उतरली. म्हणाली, "बेटी, अकेले सुनने की हिंमत नहीं हुई. साथ में सुनेंगे." तिने घरी लावलीच नव्हती.

आम्ही चौघं खाली बसलो. आधी युसूफ बोलला, मग हे. पहिलंच वाक्य, "माय, मी बेस शे. काई चिंता करू नको." सासूबाई, ज्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं, त्या ताडकन उठल्या आणि दारात जाऊन ओरडल्या, "मना गिरधर जिता शे! बठ्ठासले सांगा!" समोरच्या दुकानातला माणूस बिचारा गिऱ्हाईक सोडून धावत आला. त्याला वाटलं कोणी पडलं.

तुम्ही इथे असताना रोज संध्याकाळी सासूबाईंना मेहरूणच्या तळ्यावर फिरायला नेत होतात, नशिराबादला जाऊन हनीफभाईंच्या ओसरीवर बसून आलात, ते सगळं आता मला नीट दिसतंय. तेव्हा दिसायला डोळे ठिकाणावर नव्हते.

आता ह्यांनी काय सांगितलं ते. त्यातला काही भाग तुमच्या बाजूचा आहे. तो गाळला तर तुम्ही शिकवलेलं वाया गेलं, म्हणून सगळंच लिहिते.

त्या संध्याकाळी हे लोक स्वयंपाकाच्या तयारीत होते. विमानं एवढी खालून गेली की पत्रे हलले. मग स्फोट. खिडक्या आत आल्या. युसूफने ह्यांना ओढून पाइपांच्या चरात पाडलं. वर पाहिलं तर आकाशात तोफांच्या गोळ्यांच्या रेषा आणि घुमटाच्या जागी धूर. नंतर कित्येक दिवस कोणाला वसाहतीबाहेर सोडलं नाही आणि पत्रं घेतली नाहीत.

मग हे म्हणतात, "कुंदा, खरं सांगू? इथे रोज गाड्यांच्या टपावर झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्या जाताना दिसतात. आघाडीवरून आलेली पोरं. साध्या बॉम्बवर हे दोन देश एकमेकांचं एवढं करतात, तर यांच्या हाती तो मोठा बॉम्ब पडला असता तर काय केलं असतं? तो घुमट पडला तेव्हा भीती वाटली, पण मागाहून बरंही वाटलं. हे इथे कोणाला बोलता येत नाही. नानांना सांग, ते नेहमी ऱ्हाइनलँडचं उदाहरण देतात, त्यात तथ्य आहे."

आणि त्याच दमात पुढे : "आमच्या फाटकावर एक म्हातारा दरवान आहे. युसूफला अरबी शिकवतो, मला खजूर देतो. त्याचा धाकटा मुलगा तिथल्या तोफेवर होता. तो गेला. आम्ही दोघं भेटायला गेलो. त्यानेच आम्हाला चहा दिला. मला बरं वाटलं होतं ना कुंदा, ते त्या चहाबरोबर घशात अडकलं."

कॅसेट इथे संपते. पुढे नुसती खरखर. जरीनाखालाने तीही शेवटपर्यंत ऐकली.

तुमची
कुंदा

*

धुळे, १९ जुलै १९८१

चि. सौ. कुंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

तार आली तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी गल्लीत पेढे वाटले. काकू म्हणते, लोक पेढ्यांपेक्षा तोंडालाच जास्त हसत होते.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गिरधररावांनी माझी बाजू घेतली हे तू लपवलं नाहीस. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित गाळलं असतं. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की इतिहासकाराने पुरावा गाळायचा नसतो. तुला ते शिकवल्याचं आज समाधान वाटलं.

वादविवादातून माझं नाव काढून घ्यावं असं मनात आलं होतं. तोतारामवकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "भाईदास, पळून जाऊ नका. लोकांना हा प्रश्न पडलेलाच आहे. तुम्ही नाही बोललात तर कोणी तरी नुसता आरडाओरडा करील." ते मला पटलं. भीती खोटी आहे असं मी आजही म्हणू शकत नाही, कुंदे. १९३६ तर घडलेलंच आहे. पण आता एकट्याने उभं राहून टाळ्या घ्याव्यात, एवढं माझं मन घट्ट नाही.

तू ये. प्रतिकूल बाजूने तू बोल. जाहीर सभेत, माझ्यासमोर. हँडबिलावर नाव घालायला सांगितलं आहे : 'विरुद्ध बाजूने बोलणार, सौ. कुंदाबाई.' शनिवारीच निघ, काकू मांडे करणार आहे.

तुझा
नाना

*

जळगाव, २८ जुलै १९८१

तीर्थरूप नानांस नमस्कार.

यायची फार इच्छा होती. निळी साडी इस्त्री करून ठेवली होती. पण कंपनीने घरच्यांशी बोलण्यासाठी माणसांना बगदादच्या कचेरीत आणायचं ठरवलं आहे आणि ह्यांची पाळी नेमकी २ तारखेला, रविवारी दुपारी. मी पैसे भरून रीतसर कॉल बुक केला आहे. लागेल न लागेल, पण मला इथून हलता येत नाही.

भाषण लिहून पाठवते. तुम्हीच वाचा. आवाज चढवू नका, मी चढवला नसता. त्यातला मधला भाग तेवढा मन लावून वाचा :

"१९३६ मध्ये थांबणारे चुकले, हे आपल्याला आज कळतं, कारण पुढचं आपल्याला माहीत आहे. पण घाबरलेल्या प्रत्येक देशाला आपलं साल १९३६ च वाटतं. चौऱ्याहत्तर साली पोखरणला स्फोट झाला तेव्हा आमच्या घरी आनंद झाला होता. आपण म्हणालो, हा शांततेसाठी आहे. अमेरिकेला ते पटलं नाही. तेव्हापासून आपल्या तारापूरच्या इंधनासाठी ती अडवणूक करते आहे आणि आपण चिडतो. म्हणतो, आमच्यावर संशय घेणारे हे कोण? याचा अर्थ, कोणाच्या तरी खिडकीतून आपलाही घुमट दिसतो आहे. आपल्या भीतीने जर आपल्याला विमान पाठवायचा हक्क मिळत असेल, तर आपल्याला भिणाऱ्यालाही तो मिळतो. तपासनीस पाठवा, व्यापार अडवा, चार देश मिळून दबाव आणा. त्यातही गरिबाच्याच पोटाला चिमटा बसतो, तेव्हा तेही जपून. पण निदान चूक झाली तर ती मागे घेता येते. पडलेला बॉम्ब परत उचलता येत नाही."

नाना, हे वाचताना माझं घरचं काही सांगू नका. लोकांना दया येईल आणि दयेने दिलेलं मत मला नको.

कुंदा

*

धुळे, ३ ऑगस्ट १९८१

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

कॉल लागला का? आधी ते कळव. बाकी सगळं नंतर.

सभा झाली. दालन भरून लोक बाहेर उभे होते. मी आधी माझी बाजू मांडली, पूर्ण मांडली, काही राखलं नाही. टाळ्या झाल्या. मग तुझे कागद काढले आणि म्हणालो, आता प्रतिपक्षाचं भाषण, माझ्या पुतणीचं. मी आवाज चढवला नाही. 'कोणाच्या तरी खिडकीतून' या वाक्यापाशी मला थांबून पाणी प्यावं लागलं. तुझ्या घरचं काही बोललो नाही.

शेवटी कॉलेजचा एक मुलगा उठला. "सर, दोन्ही भाषणं तुम्हीच केलीत. आता तुमचं स्वतःचं मत सांगा." सगळे हसले. मी दोन्ही भाषणांचे कागद टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "पेपर वाचला तेव्हा मी विमानात बसून खाली पाहत होतो. आता मला खालूनही दिसतं. भीती मला अजून वाटते. पण भीती वाटते म्हणून मी खरा, असं आता छातीवर हात ठेवून म्हणवत नाही." तो मुलगा म्हणाला, "म्हणजे उत्तर नाही." मी म्हणालो, "आज नाही."

मग हात वर करून मतं घेतली. माझी बाजू जिंकली, चांगल्या फरकाने. मला आनंद झाला नाही आणि आश्चर्यही वाटलं नाही. बायकांच्या रांगेत एक हात तुझ्या बाजूने ताठ वर होता, तो शेवटपर्यंत खाली आला नाही. वच्छलाबाई देवरे. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला रोजच जेवायला घालते, तेवढं पुरे."

तुझा
नाना

*

जळगाव, ६ ऑगस्ट १९८१

तीर्थरूप नाना, काकूंना नमस्कार.

कॉल लागला.

माझी सुटी होती, तरी मी एक्स्चेंजातच बसले. बोर्डावर माझी मैत्रीण होती. मुंबईची ऑपरेटर, जिला मी कधी पाहिलेलं नाही, दर थोड्या वेळाने सांगत होती, "जळगाव, धीर धरा, प्रयत्न चालू आहे." आणि मग एकदम म्हणाली, "बोला जळगाव, बगदाद बोला!" बोर्डांवरच्या सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या.

मी म्हटलं, "कसे आहात?" ते म्हणाले, "हो, हो, कुंदा!"

मी विचारलं, "जेवण नीट मिळतं का?" ते म्हणाले, "युसूफ इथेच आहे, बाजूला."

मला वाटलं, लाइन खराब. पण नाना, लायनी ओळखणं माझं रोजचं काम. त्यांचा आवाज तर शेजारच्या खोलीतून यावा तसा येत होता. मी ओरडून विचारलं, "माझं ऐकू येतंय का?" ते म्हणाले, "सप्टेंबरात येतो. माय कशी शे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. युसूफने फोन घेतला. म्हणाला, "भाभी, स्फोटानंतर त्याचा डावा कान गेला. उजव्याने थोडं थोडं येतं, डॉक्टर म्हणतो सुधारेल. त्याने मला शपथ घातली होती." कॅसेटमध्ये फक्त त्यांनीच बोलायचं होतं, म्हणून आम्हाला कळलं नाही.

मी युसूफला म्हटलं, फोन त्यांना द्या. आणि होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून त्यांच्या नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या एक्स्चेंजसमोर. "गिरधर!" ते हसले. म्हणाले, "हे ऐकू आलं." आणि वेळ संपली.

मुंबईची ऑपरेटर लाइनवर होती. तिने लाइन लगेच काढली नाही.

सभेचं तुमचं पत्र आज मिळालं. हरल्याचं मला वाईट वाटलं नाही. काकूंचा हात डोळ्यांपुढे आणून चार दिवसांनी पहिल्यांदा हसले.

कुंदा

*

जळगाव, १२ ऑक्टोबर १९८१

तीर्थरूप नाना आणि काकूंना आमचा दोघांचा साष्टांग नमस्कार.

हे आता रुळले. स्टेशनवर तुम्ही पाहिलंत तेव्हाच्या मानाने अंगावर थोडं मांसही चढलं आहे. इराकला जायच्या आधीच्या पाइपच्या कारखान्यात पुन्हा घेतलं. तिथे यंत्रांच्या आवाजात सगळेच बहिरे, त्यामुळे ह्यांचं काही अडत नाही. उजवा कान बराच सुधारला. डाव्याची आशा डॉक्टरांनी सोडून द्यायला सांगितली. सासूबाईंनी मात्र सोडलेली नाही. त्या डाव्या कानाशीच तोंड नेऊन गोष्टी सांगतात आणि हेही मान डोलावतात.

नशिराबादला जाऊन आलो. जरीनाखालाने दोघांना समोरासमोर बसवून खाऊ घातलं. एकाच्या तोंडात घास गेला की ती दुसऱ्याकडे बघे.

रात्री मोठा आवाज झाला, कोणी फटाका लावला, की हे दचकून उठतात. थोडा वेळ बसून राहतात, मग झोपतात. दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी फटाके पलीकडच्या मैदानात उडवायचं आपण होऊन ठरवलं आहे.

आपली दोघांची भाषणं मी त्यांना वाचायला दिली. माझं वाचून म्हणाले, "छान लिहिलंस, पण पटलं नाही." तुमचं वाचून म्हणाले, "पटलं, पण त्या दरवानासमोर वाचता येणार नाही." तेव्हापासून रोज जेवताना हाच वाद चालू आहे आणि भाजी गार होते. कालच म्हणाले, "नानांना बोलाव. समोरासमोर बसून होऊन जाऊ दे."

तेव्हा दिवाळीला दोघंही इकडेच या. काकू, येताना काही करून आणू नका, सगळं इथे करू. आणि नाना, तुम्हाला वाद घालायचा असेल तर ह्यांच्या उजव्या बाजूला बसा.

तुमची
कुंदा